सोयऱ्यांच्या आधी मेंढ्या

आमच्या वैभवचं ठरत आलेलं लग्न मी एकदा मेंढ्यांना चारलं.

त्या पावसाळ्याआधी मंठ्याच्या एका शेतकरी मेळाव्यात मी ऐकून आलो, की उघडी माती उन्हानं होरपळते. झाडांच्या मधल्या पट्ट्यांत चवळी पेरा. माती झाकलेली राहते, ओल टिकते, आणि फुलोऱ्यात कापून तिथंच अंथरली की जमिनीला खत! बी वैभवनं आणलं, पेरलं वैभवनं. भाषणं मात्र मी दिली. (पारावर, गिरणीत, एकदा तर दहाव्यालासुद्धा!) ऑगस्टात बागेत मोसंबीची झाडं शोधावी लागायची. गाव विचारायचं, "दादा, गवत काढणीला कधी येतंय?"

तेवढ्यात घनसावंगीकडच्या सोयऱ्यांचा फोन आला. मुलगा पसंत, मुलगी पसंत. फक्त मुलीचे वडील रविवारी शेत पाहणार! हे गृहस्थ असे, की स्वतःच्या रानात गवताची काडी दिसली तर त्यांना जेवण जात नाही.

बायको हादरली. "अहो, हे जंगल पाहून ते गाडीतून उतरायचे बी न्हाईत!"

"आई, मी समजावतो त्यांना बराबर," वैभव म्हणाला. "फक्त कुणी कशाला हात लावू नका." 'कुणी' म्हणताना तो माझ्याकडंच बघत होता.

रविवारी तो पाहुण्यांना आणायला वाटूरला गेला, आणि माझा धीर सुटला. निदान रस्त्याकडचे दोन पट्टे तरी स्वच्छ दिसायला नकोत? शेजारच्या पडीक रानात मेंढपाळ हरीमामांचा कळप चरत होता. मी गुपचूप फोन लावला.

"मामा, दोनच पट्टे चारायचे. जल्दी या!"

"दादा, दोन म्हंजे किती, हे मेंढरांना कुठं कळतंय?"

"तुम्ही आणा तर!"

दीडशे तोंडं आत शिरली. दोन पट्टे चहा निवायच्या आत संपले. मी टॉवेल फिरवत ओरडलो, तर मेंढ्या बिचकून आणखी आत! कळपातल्या शेळ्यांनी तर चवळी हुंगलीसुद्धा नाही. मागच्या पायांवर उभ्या राहून त्या थेट मोसंबीचा पाला ओरबाडू लागल्या. एकीनं माझा टॉवेल चघळायला घेतला. अशात गाडी येऊन थांबली.

वैभवचा चेहरा चुन्यासारखा पांढरा. पाहुणे गाडीतून उतरले. उरलेल्या चवळीत शिरून ते वाकले, वेल सारले, मूठभर माती उचलून चुरली. काळी, ओलसर, भुसभुशीत. वर एक गांडूळ वळवळतंय!

"आमच्याकडं पावसानं दडी मारली तं रानाला भेगा पडून राह्यल्या. इथं ओल कशी?"

"सगळं माझं डोकं!" मी पुढं सरसावलो.

"आन ह्या मेंढ्या?"

मी आभाळाकडं पाहिलं. हरीमामा फार प्रामाणिक माणूस. "यांनीच बोलावलं, पाव्हणं. मी नको म्हणत आल्तो!"

"मंग चवळी पेरली कुणी?"

"आमच्या वैभवनं!" बायको पदर खोचून गरजली.

होकार तिथंच मिळाला. देणं-घेणं नाही, मानपान नाही. पाहुण्यांची एकच अट: शेतीचा कारभार आजपासून जावयाकडं, आणि मी बागेत एकट्यानं जायचं नाही.

मी विचार करायला वेळ मागणार, तोच "मंजूर!" असा खणखणीत आवाज आला. बायको किंवा मुलगा बोलला असता तर मी समजून घेतलं असतं. बोलले होते हरीमामा!