‘मी पाहत आहे’चं बटण

आमच्या कॉलेजात शिकवायचं काम आता एक सिस्टीम करते. मी अकाउंट्सचे व्हिडिओ तिच्यावर चढवते आणि मुलं ते बघतात की नाही, हे बघत बसते. बघणाऱ्याच्या नावापुढे हिरवा ठिपका, न बघणाऱ्यापुढे लाल. लाल ठिपक्याला अंतर्गत गुण द्यायचे नाहीत, असा प्राचार्यांचा हुकूम. मास्तरकी इतकी सोपी होईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

त्याच वर्षी बढतीसाठी मलाही एक ऑनलाइन कोर्स करावा लागला, तो दुसऱ्याच सिस्टीमवर. म्हणजे सकाळी मी बाई आणि दुपारनंतर विद्यार्थिनी. हे कळताच प्राचार्यांनी दोन्ही सिस्टीमची तुलना करून अहवाल द्यायचं काम माझ्याच गळ्यात मारलं.

तुलना अवघड नव्हती. दोन्हीकडे व्हिडिओ पुढे ढकलता येत नाही आणि दोन्हीकडे मधूनमधून एक बटण उगवतं, ‘मी पाहत आहे’. ते दाबलं नाही तर व्हिडिओ जागीच थांबतो. बाई म्हणून हे बटण मला फार आवडायचं. विद्यार्थिनी झाल्यावर ते पहिल्याच आठवड्यात डोक्यात जायला लागलं, कारण पडद्यावरचे गृहस्थ ‘विद्यार्थ्यांशी जिवंत संवाद’ या विषयावर मान खाली घालून कागद वाचत होते.

शेवटी मी फोन सासूबाईंच्या हातात दिला. त्या अक्कलकोटकडच्या, बहिणीशी कन्नड आणि माझ्याशी मराठी बोलणाऱ्या. सात रस्ता चौकाजवळच्या आमच्या फ्लॅटमध्ये दुपारी शेंगा फोडत बसतात. बटण आलं की दाबायचं, एवढंच त्यांना सांगितलं. त्यांनी ते इतकं मनावर घेतलं, की सिस्टीमने मला ‘आदर्श अध्ययनार्थी’ म्हणून गौरवलं.

अशात मंगळवेढ्याहून एसटीने येणारी माझी एक विद्यार्थिनी स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. ती आणि तिची मैत्रीण एकाच फोनवर व्हिडिओ बघायच्या. फोन मैत्रिणीचा, म्हणून मैत्रीण हिरवी आणि ही लाल. गुणांची यादी शनिवारी जाणार होती.

“मॅडम, मी समदे बगितलेत की,” ती म्हणाली. “फोन तिचा हाय, पन डोळं दोगींचं हायेत.”

मी तिला माझ्या व्हिडिओतलं घसाऱ्याचं, म्हणजे डेप्रिसिएशनचं, एक गणित घातलं. तिने ते उभ्या उभ्या सोडवलं. मग मात्र माझं टाळकं सटकलं. मी तडक प्राचार्यांकडे गेले. ते म्हणाले, सिस्टीम चुकत नाही, ठिपका हाताने बदलता येत नाही, मुलीने आपल्या लॉगिनने सगळं पुन्हा बघावं. कोणत्या फोनवर, असं मी विचारल्यावर त्यांनी चहा मागवला.

मी मुलीचा पासवर्ड घेतला आणि घरी जाऊन सासूबाईंपुढे जुना लॅपटॉप मांडला. कुणासाठी ते सांगितल्यावर त्यांनी शेंगांची पाटी जरा लांब सारली. शनिवारच्या आत मुलगी हिरवी झाली. तिचे गुण यादीत चढले तेव्हा मला खरंच हायसं वाटलं, माझ्या त्या गौरवापेक्षा कितीतरी जास्त.

संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, “तुझ्या त्या कोर्सातलं काय बी कळलं न्हाय बग. तुझा घसारा कळला. पन तू लई पळतीस बोलताना.”

माझे व्हिडिओ शेवटपर्यंत ऐकून मला कुणी काही सांगितलं, ते हे पहिलंच. मला ते जरा लागलं. सोमवारी मुलगी भेटली तेव्हा तिला बाजूला घेऊन विचारलं, मी फार भरभर बोलते का.

ती लाजली. “व्हय मॅडम,” म्हणाली. “म्हनून तर आमी दोगी मिळून बगायचो. एकीचं सुटलं तर दुसरीनं धरायचं.”

तुलनेचा अहवाल अजून माझ्याकडेच आहे. प्राचार्य रोज मागतात, आणि मी रोज त्यांना सांगते की माझं पाहणं अजून चालू आहे.