केळीचा चीक

ईरा, अनय, बाळांनो, आज भाजीसाठी कच्ची केळी चिरताना पांढऱ्या पदरावर चीक उडाला. त्याचा ओला, तुरट वास आला आणि इतक्या वर्षांनीही माझं डोकं तापलं.

तेव्हा मी जळगावच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. बी.एस्सी.ची शेवटची प्रॅक्टिकल परीक्षा सुरू होती आणि चोपड्याकडची मंगला प्रयोगशाळेच्या दाराबाहेर उभी होती. ॲप्रन घेणं जमलं नव्हतं, म्हणून तिने वडिलांचा पांढरा सदरा घातला होता. तो घालून ते केळीचे घड वाहत. त्यावरचे काळे डाग पाहून परीक्षा घेणाऱ्या सरांनी तिला बाहेर काढलं होतं.

"केळीना चीक शे, मॅडम. बठ्ठं करी दखं, जातच नही," ती अहिराणीत म्हणाली. सगळं करून पाहिलं तरी चिकाचा डाग निघत नव्हता.

आतून सर म्हणाले, "ही प्रयोगशाळा आहे, केळीची बाग नाही."

माझ्या पिशवीत बाजारातली कच्ची केळी होती. मी एक मोडलं, आत गेले आणि सरांच्या पांढऱ्या बाहीवर घासलं.

"आता हा डाग काढून दाखवा, सर. निघाला की हिला घरी पाठवू."

सर रुमालाने बाही पुसू लागले. मंगला आत येऊन टेबलापाशी उभी राहिली.

ती पास झाली, पुढे विद्यापीठात शिकली. मी ही गोष्ट वर्षानुवर्षं हसत सांगितली. आता हसू येत नाही. मी तिथे योगायोगाने पोचले होते. माझ्याआधी त्या दारावरून कितीतरी प्राध्यापक गेले होते, आणि मंगला तिथेच उभी होती.