खिडकीतली कुंडी

घटातले अंकुर पिवळे का असतात, हे तुम्ही कधी कुणाला विचारलं आहे का? मी विचारलं नव्हतं. सुमनमावशी गेल्याचा निरोप आला तेव्हा मी छापखान्यात उभा होतो, हातात अंधश्रद्धेवरच्या माझ्याच पत्रकाची मुद्रितं… त्या दिवसापासून तो प्रश्न डोक्यातून जात नाही.

मावशी, माझ्या आईची धाकटी बहीण, राजारामपुरीत घराच्या पुढच्या खोलीत बालवाडी चालवायची. बी कसं उगवतं हे तिनं फळ्यावर कधी शिकवलं नाही. नवरात्रात देव्हाऱ्याच्या काळोख्या कोनाड्यात घट बसवला की तीच माती, तेच गहू ती एका पसरट कुंडीत घालायची आणि कुंडी खिडकीत ठेवायची. मुलं दोन्हीकडं पाणी शिंपडायची. दसरा जवळ आला की खिडकीतलं हिरवंगार, घटातलं लांबुडकं, पिवळं.

"बाई, देवाचं पिवळं का हो?"

"तुम्हीच सांगा की."

"देवाला ऊन न्हाय," एक चिमुरडी म्हणाली. मावशीनं मान डोलावली, बस्स.

देश नुकता स्वतंत्र झालेला, आणि मला हे शिकवणं अर्धवट वाटायचं. मी म्हणायचो, "मावशी, सरळ सांग ना त्यांना, हे उन्हाचं काम आहे, देवाचं नाही."

"तुझं पत्रक पेरूया का कुंडीत? उगवलं तर सांगते."

दसऱ्याला हिरवे तुरे ती मुलांच्या टोप्यांत, वेण्यांत खोवायची. पिवळे मात्र हात जोडून स्वतःच्या अंबाड्यात. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "उन्हाविना आलेत रे ते." याचा अर्थ मी काय लावू? श्रद्धा होती तर खिडकीतली कुंडी कशाला? नव्हती तर हात कशाला जोडायचे? ती आमच्यातली, देव न मानणारी होती असं तिच्या मृत्युलेखात लिहायला बसलो, आणि कळलं की मला ठाऊकच नाही…

मावशीचे दिवस झाल्यावर आईनं माझ्याकडं बघत विचारलं, "औंदा तिचा घट कोण बसवणार?" एरवी मी ताडकन नाही म्हटलं असतं. या वेळी मावशीच्या पुढच्या खोलीची किल्ली मागून घेतली.

काल त्या खोलीत गेलो. कुंडी खिडकीतच आहे, माती भेगाळलेली. बाहेरून दोन-तीन मुलं गजांना लोंबकळत होती. त्यांतली एक म्हणाली, "बाई न्हाईत, मग गहू कोण पेरणार?" मी मातीत तांब्याभर पाणी ओतलं. घटाचं अजून ठरत नाही.

घटस्थापना जवळ आली आहे. तुमच्या घरी घट बसेल तेव्हा मूठभर गहू खिडकीतही पेरा. आणि पोरांनी विचारलं, तर लगेच उत्तर देऊ नका.