दोघं म्हणजे कोण दोघं?

तुमच्या घरात माणसं किती, आणि त्यांतली लग्नाला बोलावण्याजोगी किती?

आमच्या परंदवडीच्या मावशींना हा प्रश्न कधी पडला नाही. गावात लग्न निघालं की घरोघर आवतन द्यायला त्याच जायच्या. हातावर अक्षता ठेवायच्या आणि उजवा तळहात, चुलीवर झाकण ठेवावं तसा हलकेच खाली दाबायच्या. "चूलबंद हाय बरं का." म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरी चूल पेटवायची नाही, तान्ह्या लेकरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळे आमच्याकडे जेवायला.

त्या कुणाच्याच सख्ख्या मावशी नव्हत्या. मूलबाळ नव्हतं. प्रत्येक उंबऱ्यावर बसायच्या, चहा घ्यायच्या, मगच बोलायच्या. "आवतन उभ्यानं देत न्हाईत. उभ्यानं तं लाइटबिल देत्यात."

माझं आणि त्यांचं जमायचं नाही. मानपान, मांडवातले सत्कार, आहेर यांविरुद्ध मी कॉलेजपासून पत्रकं काढत आले. काकांच्या मुलीच्या, म्हणजे ताईच्या लग्नपत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' ही ओळ मीच काकांशी भांडून छापून घेतली. मावशींनी ती माझ्याकडून वाचून घेतली.

"मग बाया हातात काय घिऊन येतील?"

"काही नाही. नुसतं यायचं."

"नुसतं यायला तुज्यासारकी पर्स न्हाई सगळ्यांकडं. हात कुटं ठेवायचे?"

माझं मत आजही तेच आहे. पण हात कुठे ठेवायचे, याचं उत्तर माझ्या एकाही पत्रकात नव्हतं.

ताईचं लग्न लोणावळ्याच्या एका रिसॉर्टवर होतं. ताटं ठरलेली. काकांनी मावशींना बजावलं, "घरटी दोघंच सांगा." मावशी "व्हय" म्हणाल्या आणि घरोघर चूलबंद सांगून आल्या. म्हाताऱ्यांसाठी बस कुठून सुटणार, असं कुणीतरी फोन करून विचारलं तेव्हा काकांना ते कळलं.

काका तडक मावशींच्या ओट्यावर गेले. मागोमाग मी.

"मावशी, दोघं म्हणालो होतो ना?"

"दोघं म्हंजे कोन दोघं? म्या सांगाय गेले, तर सासू सुनंकडं बघती, सून म्हाताऱ्याकडं बघती. कुणाला घरी बसवू, भाऊ?"

"आता परत जाऊन सांगा."

"म्या न्हाई जायची."

"मग मी ग्रुपवर टाकतो."

"टाका. पर मग त्या घरांच्या पायऱ्या मला बंद झाल्या म्हना."

काकांनी मोबाइल खिशात घातला. मावशींचा शब्द खोटा पडला असता, तर गावात त्यांना बसायला उंबरा उरला नसता.

तोड ताईने काढली. लोणावळ्यात ठरलेली हळद तिने घरच्या अंगणात आणली आणि त्या दिवशी सगळ्या घरांना जेवण घातलं. लोणावळ्याला मोजकीच माणसं गेली. अंगणात मावशी बुंदी वाढत फिरत होत्या. "भाऊ, तुमी बी बसा की." काका बसले, जेवले. मावशींकडे न बघताच उठले.

पुढे काकांच्या धाकट्या मुलाचं लग्न निघालं. आवतन द्यायला काकांनी मावशींना बोलावलंच नाही. पत्रिका सगळ्यांच्या मोबाइलवर गेली. मावशींनी आपला फोन माझ्यापुढे धरला.

"ह्यात माजं नाव कुटं हाय?"

"नाव कुणाचंच नाही, मावशी. सगळ्यांना एकच गेलीय."

"म्हंजे ही खबर झाली, आवतन न्हाई," त्या म्हणाल्या.

लग्नाच्या सकाळी मी त्यांना न्यायला गेले. "ताट मोजलेलं असंल," एवढंच म्हणून त्या तांदूळ निवडत बसल्या. मांडवात काकांनी मला हळूच विचारलं, "मावशी कुठं दिसत नाहीत?" मी सांगितलं. ते गेटपर्यंत जाऊन परत आले.

त्याच वर्षी भातकापणी उरकायच्या आत मावशी गेल्या. काकांना मावशींशी बोलायचं होतं, असं काकू सांगतात. राहून गेलं.

आता लग्नसराई तोंडावर आली आहे. आहेर नाकारा, सत्कार बंद करा, पंगती आवरा. मी तुमच्याच बाजूची आहे. फक्त एक करा. ज्या घरातलं माणूस गाळाल, त्या घरी स्वतः जा, खाली बसा आणि त्या माणसाला ते तोंडावर सांगा. सांगवलं नाही, तर त्याला लग्नाला बोलवा.