विमानात लाईन नव्हती

माझ्या आयुष्यातली दहा-बारा वर्षं मी नीट पाहिलीच नाहीत. होतो तिथेच, बालाघाटात, सरकारी दफ्तरात, फायलींच्या ढिगामागे. पण सगळं पाण्याखालून पाहिल्यासारखं. समोरचा माणूस बोलायचा, त्याचे ओठ हलताना दिसायचे आणि शब्द माझ्यापर्यंत पोचेतो माझे डोळे मिटलेले असायचे. हातातला पेन कागदावर लांब रेघ ओढत खाली घसरायचा. एकदा साहेबांनी तशी फाईल परत पाठवली आणि शेरा मारला की हा कुठल्या नाल्याचा नकाशा आहे ते कळवावे.

उकव्याला दौरा असला की मी बालाघाटला बसमध्ये बसायचो आणि जागा व्हायचो थेट बैहरला. उकवा केव्हाच मागे गेलेलं असायचं. वारासिवनीच्या एका लग्नात तर पाहुण्यांनी माझी गादी उचलून अंगणात नेऊन ठेवली, माझ्यासकट. मला काही कळलं नाही. सकाळी डोक्यावर छताऐवजी निंबाचं झाड दिसलं, तेव्हा क्षणभर वाटलं, आटोपलं वाटतं आपलं. सगळे हसले. घोरणारा माणूस हा सगळ्यांच्या हक्काचा विनोद असतो. मीही हसलो.

पुढे नागपूरच्या एका डॉक्टरांनी मला रात्रभर तारा लावून झोपवलं आणि सकाळी शांतपणे सांगितलं, "तुम्ही झोपत नाही. तुमचा श्वास पुन्हा पुन्हा थांबतो. तुम्ही रात्रभर गुदमरत असता." त्यांनी एक मशीन दिलं. डब्याएवढं, त्याला सोंडेसारखी नळी आणि नळीच्या टोकाला नाकावर बसणारा मुखवटा. त्यातून हवेचा झोत येत राहतो आणि घसा मिटू देत नाही. पहिल्या रात्री मला वाटलं, आपण वाऱ्याच्या तोंडाशी झोपलो आहोत. चौथ्या रात्री मला स्वप्न पडलं. कित्येक वर्षांनी. वैनगंगेच्या पात्रात गुडघाभर पाणी आणि तळाची वाळू स्वच्छ दिसते आहे, एवढंच. उठलो तर डोळ्यांत पाणी होतं. बायकोला सांगितलं, तर म्हणाली, "चांगलं झालं. आता चहा घ्या."

अडचण एकच होती, विजेची. आमच्याकडे वीज गेली म्हणत नाहीत, लाईन गेली म्हणतात, आणि त्या वर्षांत मध्य प्रदेशात लाईन येण्यापेक्षा जाण्यातच जास्त नियमित होती. असायची तेव्हाही व्होल्टेज असं की बल्ब लाजल्यासारखा पेटायचा. म्हणून मी मशीनसाठी एक लोखंडी स्टेबिलायझर घेतला. रात्री लाईन गेली तर मशीन बंद पडायचं, पण मला त्याचा पत्ताही नसायचा. सकाळी मुखवटा उशाशी, नळीचं नीट वेटोळं करून ठेवलेला असायचा. मला वाटायचं, झोपेत मीच काढून ठेवत असेन. स्वतःच्या शिस्तीचं मला कौतुकच वाटायचं.

मी निवृत्त झालो त्याच्या दुसऱ्या वर्षी मुलीला इंग्लंडमध्ये मुलगा झाला. तिकिटं आली. डॉक्टर म्हणाले, जरूर जा, फक्त मशीनशिवाय झोपायचं नाही, डुलकीसुद्धा नाही. विमानात हवा आधीच विरळ असते, आणि तुमचं हृदयही आता पूर्वीचं राहिलेलं नाही. मुलीने फोनवर सांगितलं, "बाबा, मी विचारलंय, सीटपाशी प्लग मिळेल." मी मग डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या तीन प्रती काढल्या, राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घेतल्या, फाईलला टॅग लावला. छत्तीस वर्षांची सवय. आणि मशीनबरोबर हातातल्या बॅगेत स्टेबिलायझर घातला.

दिल्लीच्या विमानतळावर तपासणीच्या पट्ट्यावरून बॅग गेली आणि पट्टा थांबला. शिपायाने बॅग उघडली. मशीन पाहून तो काही बोलला नाही, नळी पाहूनही नाही. मी फाईल पुढे केली, तिच्याकडे त्याने ढुंकून पाहिलं नाही. मग त्याने दोन्ही हातांनी ते लोखंडी खोकं बाहेर काढलं.

"बाबूजी, ये क्या है?"

"स्टेबिलायझर."

"हवाई जहाज़ में वोल्टेज कम-ज़्यादा होता है क्या?"

"हमारे यहाँ तो होता है," मी म्हणालो.

आजूबाजूचे चार शिपाई गोळा झाले. एक जण म्हणाला, हमारे गाँव में भी ऐसा ही है, फ्रिज पर रखा है. सगळे हसले, पण प्रेमाने. विमान कंपनीचा एक माणूस त्या खोक्याला चिठ्ठी बांधून ते खालच्या सामानात घेऊन गेला. बायको माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मी म्हणली नव्हती तुमाले?" म्हणाली होती. बॅग भरताना, दोनदा.

विमान सकाळी उडालं. बायकोचा हा पहिला विमानप्रवास, म्हणून खिडकी तिला दिली. मी मांडीवर मशीन घेऊन प्लग शोधू लागलो. हाताखाली, पायाखाली, पुढच्या सीटच्या पाठीला. शेवटी हवाई सुंदरीला बोलावलं. ती गुडघ्यावर बसून हळू आवाजात म्हणाली की या विमानात प्लग फक्त पुढच्या वर्गात आहेत, आणि तिथे एकही जागा रिकामी नाही. तिने फार माफी मागितली. मग मशीन माझ्या मांडीवरून उचलून वरच्या कप्प्यात ठेवलं आणि झाकण लावलं.

नऊ तास. आणि आदली रात्र आम्ही प्रतीक्षालयाच्या खुर्चीत बसून काढलेली.

"घाबरू नका," बायको म्हणाली. "आपण बोलत राहू."

आम्ही बोललो. तिने मला माझ्या सगळ्या बदल्या क्रमाने विचारल्या. लामत्याच्या क्वार्टरमध्ये किती खिडक्या होत्या, समोरच्या बाईचं नाव काय, तिची म्हैस कोणत्या साली मेली. मी उत्तरं देत होतो. छत्तीस वर्षांचा संसार बोलायला घेतला तर तीन तासांत संपतो, हे मला त्या दिवशी कळलं. मग जेवण आलं. जेवणानंतर खिडक्यांची झाकणं खाली ओढली गेली आणि भर दुपारी विमानात एक पिवळट, मऊ अंधार पसरला. सगळी माणसं निजली. बाहेर सूर्य आमच्याबरोबरच पश्चिमेला चाललेला, त्यामुळे दुपार सरतच नव्हती. विमानाची घरघर थेट माझ्या मशीनसारखी. ती कानात शिरली आणि मी विरघळायला लागलो.

दोनदा उठून चाललो. तोंडावर पाणी मारलं. तिसऱ्या वेळी उठताच येईना.

"झोपा तुमी," बायको म्हणाली.

"वेडी झाली का? डॉक्टर काय म्हणले माहीत आहे न?"

"हौ, माहीत आहे. झोपा. मी आहो."

"तू काय करशीन? तू डॉक्टर आहे?"

तिने माझी मान आपल्या खांद्याकडे वळवली, हनुवटी दोन बोटांनी वर उचलली, एक तळहात माझ्या छातीवर ठेवला. हे सगळं तिने इतक्या सराईतपणे केलं की मला आश्चर्य वाटायला हवं होतं. पण वेळच मिळाला नाही.

मी उकव्याच्या बसमध्ये होतो. बस रस्त्यावरून नाही, ढगांवरून चालली होती आणि दोन्ही बाजूंना साल वृक्षांचे फक्त शेंडे वर आलेले. खाली कुठेतरी पाणी वाहत असल्याचा आवाज. कंडक्टर अधूनमधून यायचा, माझ्या कानाची पाळी चिमटीत धरायचा आणि म्हणायचा, "बडे बाबू, श्वास घ्या." मी घ्यायचो. त्या श्वासाला साल फुलल्याचा वास यायचा. तो जायचा, पुन्हा यायचा. मला राग येत नव्हता. उतरायचं गाव कोणतं, ते आठवत नव्हतं आणि आठवायची घाईही नव्हती.

जागा झालो तेव्हा झाकणं वर गेलेली होती आणि विमान खाली येत होतं. कानाची पाळी दुखत होती. बायकोचा हात छातीवर तसाच. तिच्या समोरच्या ट्रेवर चहा न पिता थंड झालेला.

"किती झोपलो?"

"चार-साडेचार घंटे."

"तू काय करत होती?"

"कान ओढून राह्यली होती. दहा मोजेपर्यंत श्वास नाही आला का ओढायचा."

"हे तुले कोणी शिकवलं?"

तिने साडीचा पदर नीट केला. "शिकवते कोण? घरी लाईन गेली का काय करत होती मी? तुमचा तो मुखवटा कोण काढत होतं, भूत? आन् मशीन यायच्या आधी तर रोजचंच होतं."

"मले काहून नाही सांगितलं?"

"तुमी झोपले राहात होते," ती म्हणाली. "झोपलेल्या माणसाले काय सांगू?"

खरं सांगायचं तर मला लाज वाटली, आणि लाजेच्याही आधी राग आला, तिचाच. एवढी वर्षं एवढी मोठी गोष्ट एखाद्या बाईने अशी पोटात ठेवावी? मग हळूहळू लक्षात आलं की नागपूरच्या डॉक्टरांचं दारसुद्धा तिनेच शोधून काढलं होतं. मी ते श्रेय दफ्तरातल्या एका मित्राला देत आलो होतो.

मुलीच्या घरी पोचलो तेव्हा तिथल्या घड्याळात अजून दुपारच होती. नातू पाहिला, मांडीवर घेतला. चहा झाला. मग बायको म्हणाली, "जरा पाठ टेकते," आणि आतल्या खोलीत गेली.

संध्याकाळी ती उठली नाही. माझं मशीन तिच्याच शेजारी लावलं. इथली वीज अशी की घरघर एका सुरात, तसूभर इकडे-तिकडे नाही. मी रात्रभर झोपलो, सकाळी उठलो, आंघोळ केली, तरी ती झोपलेलीच. मी खुर्ची ओढून तिच्यापाशी बसलो.

मी तिला झोपलेलं कधी पाहिलंच नव्हतं. नेहमी माझे डोळे तिच्याआधी मिटायचे आणि तिच्यानंतर उघडायचे. तिचं तोंड किंचित उघडं होतं. ती घोरत होती. बारीक, लहान मुलासारखं. एवढ्या वर्षांत मला हे ठाऊक नव्हतं. मी दहा मोजायला तयार होतो, पण मोजावं लागलं नाही. श्वास एकामागून एक येत होता, आणि प्रत्येक श्वास आला की मला बरं वाटत होतं.

दहाच्या सुमाराला मुलीने दार किलकिलं केलं. तिच्या कडेवर बाळ होतं.

"बाबा, आई कालपासून जेवली नाही. बरी आहे ना? उठवू का?"

"नाही," मी म्हणालो. "तिला कोणी उठवायचं नाही."