आईच्या खुर्चीपर्यंत वायफाय

पांडेसऱ्यातल्या आमच्या घरी इंटरनेट कंपनीचा तो माणूस एकदाच आला, वायफायची तक्रार केली म्हणून. नाव विचारायचं राहूनच गेलं.

माझ्या आईला जन्मापासून ऐकू-बोलता येत नाही. धुळ्याची मावशीही तशीच. दोघी रोज व्हिडिओ कॉलवर हातांनी बोलतात. महिनाभर चित्र मध्येच थिजायचं, मावशीचं सांगणं अर्धवट राहायचं आणि आई चिडून फोन पालथा टाकायची.

मला वाटलं, हा महागडा प्लॅन गळ्यात मारणार. त्याने चपला दाराबाहेर जोडीने ठेवल्या आणि विचारलं, "ताई, फोनवर जास्त कोण असतं? कुठे बसून?"

मी स्वयंपाकघरातली आईची खुर्ची दाखवली. तो स्वतः तिथे बसला, फोन समोर धरून पाहिला. मग राउटर शोधत पुढच्या खोलीत गेला. राउटर लोखंडी कपाटामागे होता.

"प्लॅन बराबर छे. हा पत्रा आडवा येतो," तो गुजराती-मराठी मिसळून म्हणाला. "डबा दिसायला नको म्हणून लोक लपवतात. पण त्याला माणूस दिसायला पाहिजे ना!"

त्याने राउटर मधल्या दाराशेजारी, उंचावर, उघड्यावर बसवला. आईने कॉल लावला. चित्र अडखळलं नाही. दोघींचे हात भराभर चालू लागले. मी आनंदाने त्याला बघायला बोलावलं, तर तो खिडकीकडे तोंड करून उभा होता.

"त्यांचं घरचं बोलणं चाललंय," तो हळूच म्हणाला.

इतकी वर्षं आम्ही सगळे, आलेगेले पाहुणेसुद्धा, त्या दोघींचे हात टक लावून बघत आलो होतो. मीही खिडकीकडे वळले.