कळकलेलं तीर्थ

पितळी भांड्याच्या आत हिरवट-निळी कड दिसली, की नोकरीतली एक केस मला हटकून आठवते. खून-दरोड्यांचे तपास बरेच केले, त्यातले निम्मे विसरलो. ही केस मात्र चोरीची होती, आणि तीही एका दगडाच्या. नावं कोणाचीच लिहीत नाही. त्यातली काही माणसं आज नाहीत, पण मुलंबाळं पुण्यातच आहेत.

मी तेव्हा उपनिरीक्षक होतो. आमच्या ठाण्याची हद्द खडकीपासून विश्रांतवाडीपर्यंत पसरली होती. श्रावण चालू होता. एका सकाळी हजेरी आटोपून टपाल बघत बसलो होतो, तेवढ्यात विश्रांतवाडीचे एक बंगलेवाले गृहस्थ फिर्याद द्यायला आले. त्यांना दगड जमवायचा नाद होता. खाणींत सापडणारे स्फटिक ते जिवापाड जपत. त्यातला सगळ्यात दुर्मिळ खडा नाहीसा झाला होता. तांब्याचं निळंशार खनिज, आवळ्याएवढं, सातासमुद्रापलीकडच्या वाळवंटातून आलेलं. ठाणे अंमलदाराने किंमत विचारली, तर म्हणाले, त्याला किंमतच नाही. "मग फिर्याद कशाची लिहू?" असं अंमलदाराने विचारलं, तेव्हा गृहस्थ चांगलेच तापले.

घरी दगडांसाठी नवी शोकेस करायचं काम चालू होतं. जुनं कपाट हलवायचं म्हणून सगळा संग्रह दिवाणखान्यातल्या टेबलावर काढून ठेवला होता. खड्याची काचेची डबी जागच्या जागी होती, आत खडा नव्हता. बाहेरचं माणूस म्हणाल तर एकच, खडकीहून येणारा मिस्त्री. बाकी घरात गृहस्थ, त्यांची पत्नी आणि म्हाताऱ्या आई. आम्ही पंचनामा केला, घराची वरपासून खालपर्यंत झडती घेतली. देवघर तेवढं सोडलं. एक तर बूट काढायचा कंटाळा, आणि देवाच्या पुढ्यात चोरीचा माल कोण ठेवणार, असा सगळ्यांचाच समज. पंचही बाहेरूनच नमस्कार करून पुढे गेले.

संध्याकाळी खडकी बाजारातल्या आमच्या खबऱ्याने निरोप धाडला, की मिस्त्रीच्या हत्यारांच्या पिशवीत कागदाची पुडी आहे आणि पुडीत निळे खडे आहेत. माणूस पाठवून मिस्त्रीला पिशवीसकट आणलं. पुडी उघडली तर खरंच निळे खडे, लहान लहान, काचेसारखे. गृहस्थांना बोलावून दाखवले, तर त्यांनी कपाळावर हात मारला. म्हणाले, फोडला हो मेल्याने, तुकडे करून विकायला निघाला होता.

मिस्त्री पन्नाशीचा, मुसलमान, चार पिढ्या खडकीत काढलेल्या घरातला. तो एकच गोष्ट सांगत राहिला, की हे मोरचूद आहे. लाकडाला कागद-कापड चिकटवायची खळ करतात, तिला कीड-बुरशी लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद टाकतात, बापही टाकायचा. आमचे हवालदार जुन्या वळणाचे. ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, साहेब, जरा माझ्या ताब्यात द्या, लगेच बोलेल. मी नको म्हटलं. मिस्त्रीच्या सांगण्यात घोटाळा नव्हता. खोटं बोलणारा माणूस दुसऱ्यांदा सांगताना काहीतरी जास्तीचं घालतो, आणि हा एक शब्द वाढवत नव्हता.

शिवाय माझ्याच टेबलावर टपालात एक कागद पडला होता. मिस्त्रीच्या मुलीची दारूगोळ्याच्या कारखान्यात निवड झाली होती आणि तिची चारित्र्य पडताळणी आमच्याकडे आली होती. सरकारी नोकरी लागणारी त्या घरातली ती पहिलीच. बापावर चोरीचा गुन्हा दाखल झाला असता, तर त्या कागदावर शेरा पडला असता आणि नोकरी गेली असती. मिस्त्रीलाही ते ठाऊक होतं. तो हात जोडून म्हणाला, "साहेब, मला आत टाकायचं तर टाका. फक्त पोरीचा कागद आधी जाऊ द्या." माझ्याच्याने त्याच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी पुडी घेऊन कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एका बाईंकडे गेलो. वाटलं होतं, दोन्ही वस्तू वेगळ्या निघतील आणि मिस्त्री सुटेल. झालं उलटंच. बाई म्हणाल्या, तो दुर्मिळ खडा आणि दुकानातलं मोरचूद, दोन्ही एकच. जमिनीतल्या तांबं-गंधकाच्या खनिजाला हवा-पाणी लागलं, की निळं पाणी झिरपतं. ते खाणीच्या भिंतीवर सुकत गेलं तर त्याचे असे स्फटिक होतात, तपकिरी खडकाला धरून वाढलेले. पण जिथे वर्षानुवर्षं पाऊस पडत नाही तिथेच ते टिकतात, म्हणून दुर्मिळ. आपल्याकडच्या हवेत त्यांचा काय टिकाव लागणार? मऊ इतके, की नखाने ओरखडा उठतो. वर विषारी, जिभेला लावायची सोय नाही. मी विचारलं, मग पुडीतले तुकडे त्या खड्याचे नाहीत हे कसं कळायचं? बाईंनी चष्मा पुसत मलाच विचारलं, "खालचा तपकिरी खडक कुठे आहे, ते बघितलंत का?"

खडक पिशवीत नव्हता. गृहस्थांचं म्हणणं, फेकून दिला असेल. वरून अटकेसाठी फोन यायला लागले, कारण गृहस्थांच्या ओळखी दांडग्या होत्या. घरच्यांचे जबाब राहिले होते, तेवढे घेतो आणि मग बघतो, असं सांगून मी वेळ मारून नेली.

पत्नीच्या जबाबात काही निघालं नाही. आजी अंथरुणावर टेकून बसल्या होत्या, चेहरा उतरलेला. काय होतंय विचारलं, तर सून म्हणाली, सोमवारी उपासाने पित्त झालं, उलट्या थांबेनात, डॉक्टर आणावे लागले. खडा सोमवारीच गेला होता. आजी हळूच म्हणाल्या, "पित्त कसलं हो. त्या दिवशीचं तीर्थच कळकलं होतं."

मी लिहिता लिहिता थांबलो. हा शब्द मी लहानपणापासून ऐकलेला. कल्हई उडालेल्या पितळेत ताक राहिलं की ते हिरवट होऊन कळकतं, आणि आई भांडं आपटत सगळ्या घराला बोल लावायची. पण कळकायला आंबट काहीतरी लागतं. पंचामृत होतं का, असं आजींना विचारलं. त्या म्हणाल्या, छे, नुसतं पाणी, सोमवारची गळती लावली होती. गळती म्हणजे पिंडीवर थेंब थेंब पाणी धरणारं भोकाचं भांडं. नुसतं पाणी तांब्याच्या ताम्हणात दिवसभर राहिलं तरी कळकत नाही. मी बूट काढले आणि विचारलं, "आजी, गळतीखाली काय ठेवलं होतंत?"

 त्यांनी देवघराकडे बोट केलं. देवांच्या रांगेत, जास्वंदीच्या फुलाखाली, एक ओबडधोबड तपकिरी खडक बसवलेला होता. त्याच्या खाचेत निळ्या रंगाची कणी अजून होती. गृहस्थांनी तो हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि ओळखला.

आजींना तो खडा शंकराच्या कंठासारखा वाटला होता. मुलगा एरवी हात लावू देत नसे. त्या दिवशी तो टेबलावर उघडा दिसला, म्हणून एक दिवस पूजेला घ्यावा आणि डबीत परत ठेवावा, असं त्यांनी ठरवलं. गळती लावून जरा पडल्या, तो डोळा लागला. उठून बघतात तर ताम्हणात निळं पाणी आणि खाली नुसता खडक. देवाने घेतला, असं समजून त्या तेच पाणी तीर्थ म्हणून प्यायल्या. मुलाच्या रागाला भिऊन गप्प राहिल्या. चोरी झाली एवढंच त्यांच्या कानावर आलं होतं, संशय कोणावर आहे हे घरात कोणी त्यांना सांगितलंच नव्हतं.

मी सांगितलं, मिस्त्री कालपासून ठाण्यात बसून आहे. आजी ताडकन उठल्या. मुलगा म्हणाला, आई, तू पड, मी फोन करून सांगतो. त्यांनी ऐकलं नाही. अंगात ताकद नसताना जीपमध्ये बसून आल्या आणि सगळ्या ठाण्यासमोर मिस्त्रीला म्हणाल्या, "दादा, खडा माझ्या हातून पूजेच्या पाण्यात विरघळला, आणि तेच मी तीर्थ म्हणून प्यायले. तुमच्यावर आळ आला तो माझ्यामुळे." मिस्त्रीने आधी स्वतःची खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. मग म्हणाला, "आजी, ते पाणी प्यायलात? आता तब्येत कशी आहे?" आमचे हवालदार तोंड फिरवून बाहेर गेले. उठता-बसता शिव्या देणारा तो माणूस, त्या दिवशी चहा स्वतः घेऊन आला.

शोकेस मिस्त्रीनेच पुरी केली. आजींच्या सांगण्यावरून त्या तपकिरी खडकासाठी एक छोटी सागवानी डबीही केली. ती मात्र देवघरात गेली.

या केसने मला एक धडा दिला. घरात काही गेलं, की त्या दिवशी काय गेलं एवढंच विचारू नये, कोणाला काय झालं हेही विचारावं. पुढे नोकरीत तो प्रश्न मला फार उपयोगी पडला. पण धड्यापेक्षा ऋण मोठं आहे. आजी गप्प राहिल्या असत्या, तर खड्याचा पत्ता लागायला कोणती वाट होती, मला आजही सुचत नाही. कळकलेल्या ताकावरून घर डोक्यावर घेणाऱ्या माझ्या आईचेही आभार मानायचे राहून गेले, ते इथे मानतो.

त्या संध्याकाळी आजींना घरी सोडून आलो आणि टपालातला तो कागद पुढे ओढला. माझं अक्षर मुळात गिचमिड, वरिष्ठ कायम ओरडायचे. त्या दिवशी दौत बदलली, टाक पुसला आणि शेऱ्याच्या रकान्यात शाळकरी पोरासारखं वळणदार अक्षर काढून लिहिलं: प्रतिकूल काही नाही.